गरोदर बायकांच्या एकत्रित सेवेसाठी निधी: पैसा नेमका कुठे द्यावा?

रेवा_१

नमस्कार. जरा सविस्तर लिहिते, कारण प्रश्न माझ्या एकटीच्या विचाराने सुटणारा नाही.

मी एका छोट्या धर्मादाय न्यासाच्या निवड समितीवर आहे. पुढची काही वर्षं आमचा बराचसा निधी गरीब, दुर्लक्षित गरोदर स्त्रियांच्या आरोग्यासाठी द्यायचा असं विश्वस्तांनी ठरवलं. अर्ज वाचायला घेतले आणि मी अडले. कुणाला सोनोग्राफीचं मशीन हवंय, कुणाला पोषण आहाराची पाकिटं वाटायची आहेत, कुणाला रुग्णवाहिका, कुणाला समुपदेशनाची हेल्पलाइन. प्रत्येक मागणी आपापल्या जागी रास्त आहे. पण हे सगळे अर्ज एकाच बाईबद्दल आहेत आणि ती बाई कुठल्याच अर्जात पूर्ण दिसत नाही. तिचं हिमोग्लोबिन एका अर्जात, रक्तदाब दुसऱ्यात, घरातली मारहाण तिसऱ्यात, आणि बाळंतपणानंतरचे दिवस कुठेच नाहीत.

जगभरात २०२३ साली गरोदरपण आणि बाळंतपणाशी निगडित कारणांनी सुमारे २,६०,००० स्त्रिया दगावल्या. म्हणजे रोज सातशेहून जास्त, आणि त्यातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत. २००० साली एक लाख जिवंत जन्मांमागे ३२८ माता दगावत, २०२३मध्ये १९७. प्रगती आहेच. पण २०३०पर्यंत हे प्रमाण ७०च्या खाली आणायचं ठरलंय आणि या वेगाने ते होणार नाही.

तपासणी, आहार, मानसिक आरोग्य, प्रसूती, बाळंतपणानंतरची काळजी हे सगळं एका बाईला सलग मिळावं असं वाटत असेल, तर देणाऱ्याने पैसा कशाला द्यावा? वस्तूंना, माणसांना, की निकालाला? ज्यांनी हे काम केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा. तत्त्व नको, व्यवहारातलं सांगा.

वॉर्ड_नंबर_तीन

मी परिचारिका आहे, बरीच वर्षं प्रसूती विभागात. रेवाताई, तुम्ही ज्या बाईबद्दल विचारताय ती माझ्यासमोर रोज असते, म्हणून लिहिते.

सातव्या महिन्यातली बाई येते. रक्तदाब वाढलेला, पायावर सूज. आम्ही चिठ्ठी देतो, मोठ्या रुग्णालयात जा म्हणतो. आमच्या दृष्टीने काम झालं, रजिस्टरमध्ये 'संदर्भित' अशी नोंद झाली. तिच्या दृष्टीने काम इथून सुरू होतं. एक दिवसाची मजुरी बुडवायची, धाकटं पोर कुणाकडे तरी ठेवायचं, प्रवासाचे पैसे उभे करायचे, सासूला समजवायचं. हे सगळं करून ती पोचते तर त्या दिवशी ते डॉक्टर बाह्यरुग्ण विभागात नसतात, दुसऱ्या दिवशी या म्हणतात. दुसऱ्या दिवशी ती जात नाही. आमच्याकडे परत यायला तिला संकोच वाटतो, कारण 'गेली का नाहीस' म्हणून ओरडा बसेल असं तिला वाटतं. त्यानंतर ती थेट झटके आल्यावर येते.

या सगळ्यात मशीन कमी पडलं नाही, गोळी कमी पडली नाही. ती पोचली का, हे विचारणं कुणाच्या कामाच्या यादीत नव्हतं, एवढंच. मी विचारते, माझ्या फोनवरून, ड्यूटी संपल्यावर. माझ्यासारख्या अनेकजणी विचारतात. पण त्या कामाला ना वेळ दिलेला आहे, ना पैसा, ना नाव.

तुम्हाला पैसा द्यायचाच असेल तर या कामाला द्या. साठ-सत्तर जोखमीच्या बायका एकीकडे सोपवा. तिने प्रत्येकीला नावाने ओळखावं, मोठ्या रुग्णालयात आधी फोन करून वेळ ठरवावी, गरज पडली तर सोबत जावं. तिच्याकडे प्रवासखर्चाची थोडी रक्कम असावी, जी ती कुणाला न विचारता देऊ शकेल. आणि बाळंतपणानंतरसुद्धा तिनेच घरी जावं.

जमाखर्च

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. हे काम निधीतून नेहमी का गळतं, ते मी सांगतो. मी सामाजिक संस्थांचे हिशोब बघतो.

बहुतेक अनुदानं बांधील असतात. देणगीदार म्हणतो, माझा पैसा रक्तक्षयासाठीच. दुसरा म्हणतो, माझा एचआयव्हीसाठीच. प्रत्येकाचं वेगळं रजिस्टर, वेगळा अहवाल, वेगळा तिमाही नमुना. एकाच बाईचं नाव चार ठिकाणी चार तऱ्हेने लिहिलं जातं. मग संस्थेला सिस्टर म्हणतात ते काम करणारी समन्वयक ठेवायची असते. तिचा पगार कोणत्या खात्यातून? रक्तक्षयवाला म्हणतो हा प्रशासकीय खर्च, एचआयव्हीवालाही तेच म्हणतो. आणि प्रशासकीय खर्चावर सगळ्यांनी मर्यादा घातलेली. शेवटी समन्वयकाचं पद कागदावर चार तुकड्यांत वाटलं जातं आणि एक अनुदान संपलं की पाव बाई कामावरून कमी होते.

या तुकड्यांचे परिणाम हिशोबाच्या वहीपुरते राहत नाहीत. कित्येक देशांत गरोदर स्त्रीची एचआयव्ही तपासणी होत असे, कारण तिच्यासाठी जागतिक पैसा होता. त्याच सुईने, त्याच रक्तातून सिफिलिसची, म्हणजे बाळाला पोटातच मारू शकणाऱ्या लैंगिक आजाराची, स्वस्त तपासणी करता आली असती, पण तिला निधी नव्हता. सिफिलिसवर बेंझाथीन पेनिसिलिन आहे, जुनं आणि स्वस्त. तरी बाळं पोटातच दगावत राहिली. क्यूबाने दोन्ही तपासण्या आणि उपचार माता-बाल सेवेतच बसवले आणि आईकडून बाळाला होणाऱ्या दोन्ही संसर्गांचं उच्चाटन झाल्याची जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता २०१५ साली सर्वांत आधी मिळवली.

म्हणून पहिली सूचना: समन्वयाचा पगार थेट कार्यक्रमाच्या खर्चात धरा. तुमच्या अर्जाच्या नमुन्यात तसा रकानाच ठेवा. रकाना नसेल तर संस्था मागणारच नाहीत, कारण मागितलं की अर्ज बाद होतो हे त्या शिकलेल्या आहेत.

डॉ_निशाचर

मी प्रसूतितज्ज्ञ. सिस्टरांबद्दल मनापासून आदर ठेवून थोडं वेगळं मांडतो.

माता मृत्यूंत अतिरक्तस्रावाचा वाटा पाव भागाहून थोडा जास्त. थेट कारणांत रक्तदाबाचे विकार त्याखालोखाल. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव बाईला काही तासांत नेतो. त्या वेळी समन्वयक कितीही प्रेमळ असली तरी उपयोग नाही. रक्तस्रावावरचं ऑक्सिटोसिन थंड ठेवलेलं आहे का, झटक्यांवरचं मॅग्नेशियम सल्फेट कपाटात आहे का आणि ते कसं द्यायचं हे रात्रपाळीच्या माणसाला येतं का, रक्त किती वेळात मिळतं, यावर तिचं जगणं ठरतं.

१९९४ साली थॅडियस आणि मेन या संशोधकांनी तीन विलंबांची मांडणी केली: मदत घ्यायची हे ठरवण्यातला विलंब, पोचण्यातला विलंब आणि पोचल्यावर योग्य उपचार मिळण्यातला विलंब. समन्वयकामुळे पहिले दोन कमी होतील. तिसरा तसाच राहिला तर आपण बाईला घरून उचलून रुग्णालयाच्या दारात आणलं, इतकंच झालं. भारताच्या जननी सुरक्षा योजनेचा अनुभव बघा. २००५मध्ये दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बायकांना रोख मदत सुरू झाली. त्या सुमारास साधारण ३९ टक्के बाळंतपणं संस्थेत, म्हणजे दवाखान्यात किंवा रुग्णालयात, होत, दहा वर्षांनी ७९ टक्के. वाढ मोठी होती, पण मृत्यू त्या प्रमाणात घटले नाहीत असं काही अभ्यासांत दिसलं. कारण दारात आलेल्या बाईला आत काय मिळतं यावर तितका खर्च झाला नव्हता.

उलट उदाहरण देतो. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत एक चाचणी झाली, निकाल २०२३ला आले. बाळंतिणीखाली खुणा केलेली प्लास्टिकची पिशवीवजा चादर ठेवायची म्हणजे रक्त किती गेलं ते डोळ्यांना दिसतं. आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेलं की मालिश, औषधं, सलाईन, तपासणी हे सगळं एकामागून एक न करता एकदमच सुरू करायचं. गंभीर रक्तस्राव आणि त्याचे परिणाम ६० टक्क्यांनी कमी झाले. चादर अगदी साधी असते. खर्च होतो तो प्रशिक्षणाचा आणि औषधं कधीच संपू न देण्याचा.

रेवाताई, तुमचा पैसा मर्यादित आहे. आधी प्रसूतिगृह सुरक्षित करा. बाकीचं नंतर.

वॉर्ड_नंबर_तीन

डॉक्टर, तुमचं म्हणणं मी नाकारत नाही, मी त्या रात्री तुमच्यासारख्यांच्याच बाजूला उभी असते. पण रक्तस्राव झाला तेव्हा तिचं हिमोग्लोबिन किती होतं? जगात साधारण ३७ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आहे. अकरा हिमोग्लोबिनची बाई जेवढं रक्त गेल्यावर तग धरते, तेवढ्यात सहा हिमोग्लोबिनची बाई हातची जाते. ते सहाचं अकरा करायला आम्हाला पाच-सहा महिने होते आणि ते वाया गेले. शिवाय हृदयविकार, क्षयरोग, मधुमेह असे आधीपासूनचे आजार बळावून दगावणाऱ्या बायकांचा वाटाही साधारण पाव भाग आहे. तो प्रसूतिगृहात नाही दुरुस्त होत.

शंकासुर

मी या क्षेत्रातला नाही, पण सार्वजनिक खर्चाचं मूल्यमापन हे माझं काम आहे. 'सगळं जोडा, समन्वयक नेमा' हे ऐकायला इतकं पटतं की पुरावा मागायचा राहून जातो. म्हणून एक पुरावा, जो या बाजूच्या लोकांना आवडणार नाही.

अमेरिकेत साधारण ४० टक्के बाळंतपणांचा खर्च मेडिकेड ही गरिबांसाठीची सरकारी योजना उचलते. तिथे २०१२ साली 'स्ट्राँग स्टार्ट' हा मोठा प्रयोग जाहीर झाला. तीन पद्धती तपासल्या. पहिली, नेहमीच्या दवाखान्यातच समन्वयक आणि जादा आधार. दुसरी, गरोदर बायकांच्या गटाने एकत्र तपासणी आणि चर्चा. तिसरी, सुईणींनी चालवलेली प्रसूती केंद्रं. २०१८ला मूल्यमापन आलं. सुईणींच्या केंद्रांत मुदतपूर्व प्रसूती, कमी वजनाची बाळं आणि सिझेरियन कमी, आणि खर्चही कमी. आणि पहिल्या पद्धतीत, म्हणजे नेमकी इथे ज्याची मागणी होतेय त्यात, प्रसूतीच्या निकालांत चांगला फरक जवळजवळ दिसला नाही.

मी समन्वयाच्या विरोधात नाही. पण नुसतं एक पद वाढवल्याने सेवा एकत्रित होते हे गृहीत धरू नका.

आकडेमोड

शंकासुर यांनी योग्य जागी बोट ठेवलंय. मी आरोग्य अर्थशास्त्राची विद्यार्थिनी आहे, माझ्या वाचनातून त्यात भर घालते.

त्या मूल्यमापनातला माझ्या मते महत्त्वाचा धागा असा: पहिल्या पद्धतीत तपासणी होती तशीच राहिली, घाईची आणि दर वेळी वेगळ्या माणसाकडून. तिला बाहेरून एक समन्वयक जोडली. सुईणींच्या केंद्रांत तपासणीच बदलली. वेळ जास्त, माणूस ओळखीचा, निर्णयात बाईचा सहभाग. अर्थात तिथे जाणाऱ्या बायका मुळातच कमी जोखमीच्या असतात. तुलना करताना ते लक्षात घेतलं होतं, तरी त्यावरून जोखमीच्या बायकांसाठी थेट निष्कर्ष काढू नये.

आता पैसा देण्याच्या पद्धतीबद्दल. निकालावर पैसा देण्याकडे देणगीदारांचा ओढा आहे, त्यातला धोका रवांडाने दाखवलाय. तिथे दवाखान्यांना प्रत्येक सेवेमागे ठरलेली रक्कम मिळू लागली. २०११ला निकाल प्रसिद्ध झाले: संस्थेतली बाळंतपणं चांगली वाढली, पण गरोदरपणातल्या चारही तपासण्या पूर्ण करणाऱ्या बायकांचं प्रमाण वाढलं नाही. बाळंतपणामागची रक्कम मोठी होती, तपासण्यांमागची लहान. शिवाय बाई चार वेळा येणं हे दवाखान्याच्या हातात कमी आणि तिच्या परिस्थितीच्या हातात जास्त. तेव्हा जिथे तुम्ही रक्कम लावता तिथलं काम वाढतं, आणि जे मोजायला कठीण ते मागे पडतं. बाईशी नीट बोलणं मोजायला सगळ्यांत कठीण.

कार्यकर्तीच्या बाबतीत तर जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ची शिफारस स्पष्ट आहे: सामुदायिक आरोग्य कार्यकर्तीला कामाच्या प्रमाणात मोबदला द्या, आणि तो पूर्णपणे किंवा मुख्यत्वे कामगिरीच्या प्रोत्साहन रकमेवर अवलंबून ठेवू नका. 'एका केसमागे इतके' या पद्धतीने तिला राबवायचं आणि वर तिने प्रत्येकीच्या घरी आपुलकीने बसावं ही अपेक्षा ठेवायची, हे अन्यायाचं आहे. यावर मी अजिबात तडजोड करणार नाही.

मला पटणारी पद्धत अशी: एका बाईमागे एक ठरावीक रक्कम, गरोदरपण कळल्यापासून बाळंतपणानंतर एक वर्षापर्यंत. त्या रकमेत काय करायचं ते स्थानिक चमूने ठरवावं. जोखमीच्या बाईमागे रक्कम जास्त, नाहीतर संस्था सोप्या बायका निवडतील. सुरुवातीची दोन वर्षं मात्र उभारणीसाठी सरळ अनुदान, कारण नोंदी, माणसं, करार हे उभं राहिल्याशिवाय अशी रक्कम पेलवत नाही. अमेरिकेत 'ट्रान्सफॉर्मिंग मॅटर्नल हेल्थ' नावाचा दहा वर्षांचा सरकारी कार्यक्रम २०२५मध्ये १५ राज्यांत सुरू झाला, त्याचीही रचना अशीच आहे: पहिली काही वर्षं तयारीची, मोबदल्याची पद्धत त्यानंतर बदलायची. दहा वर्षं हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो.

मधुमालती

इथे सगळे काम करणारे बोलताहेत. मी ज्या बाजूला होते तिथून लिहिते.

माझं बाळंतपण फुकट झालं. कागदावर फुकट. बाहेरून आणायच्या औषधांची चिठ्ठी, नवऱ्याची बुडालेली मजुरी, जाण्यायेण्याचा खर्च, आणि बाळ हातात देताना मागितलेले पैसे. त्यासाठी काढलेलं कर्ज फेडायला फार काळ लागला. पण खरं सांगायचंय ते वेगळंच.

बाळ झाल्यावर मला झोप येईनाशी झाली. बाळाकडे बघितलं तरी काही वाटत नसे. स्वतःला संपवायचे विचार येत. बाळाला लस द्यायला मी दर वेळी वेळेवर जात होते. दर वेळी बाळाचं वजन झालं, कार्डावर नोंद झाली. समोर बसलेल्या एकीनेही मला 'तू कशी आहेस' असं विचारलं नाही. मी त्यांना दोष देत नाही, रांग मोठी होती. पण मी तिथे होते. मला शोधायला कुठेही जावं लागलं नसतं. पुढे शेजारच्या एका बाईच्या लक्षात आलं आणि तिने मला डॉक्टरकडे नेलं, म्हणून आज लिहिते आहे.

तेव्हा रेवाताई, जे कुणी अर्ज करतील त्यांना एवढं विचारा की बाळ जन्मल्यानंतर आईसाठी तुमच्याकडे काय आहे. बाळासाठी काय ते नंतर सांगा म्हणावं.

रेवा_१

मधुमालती, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. हा प्रश्न अर्जात येणार, पहिल्या पानावर.

आकडेमोड

मधुमालतीताई, तुमच्या अनुभवाशी थेट जोडलेलं काही सांगते. जगात बाळंतपणानंतर साधारण १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो, मुख्यतः नैराश्य. विकसनशील देशांत हे प्रमाण २० टक्क्यांच्या जवळ आहे. आणि त्यावर मानसोपचारतज्ज्ञच हवा असं नाही. पाकिस्तानच्या ग्रामीण भागात तिथल्या 'लेडी हेल्थ वर्कर' बायकांना साधं प्रशिक्षण देऊन त्यांच्या नेहमीच्या घरभेटींतच नैराश्यावरचं समुपदेशन बसवलं. २००८ला निकाल आले. बाळ सहा महिन्यांचं असताना नेहमीची भेट मिळालेल्या मातांपैकी ५३ टक्के नैराश्यात होत्या, समुपदेशन मिळालेल्यांपैकी २३ टक्के. कार्यकर्ती तीच, घर तेच. बदललं ते तिथे काय बोलायचं एवढंच. एकत्रित सेवा म्हणजे मला हेच डोळ्यांसमोर येतं.

आणि निधी बाळंतपणाशीच का थांबतो याबद्दलही. अमेरिकेत २०१७ ते २०१९ मधल्या गरोदरपणाशी संबंधित मृत्यूंचा तिथल्या समित्यांनी अभ्यास केला. निम्म्याहून जास्त, ५३ टक्के मृत्यू बाळंतपणानंतरच्या सातव्या दिवसापासून एका वर्षाच्या आत झाले होते. मानसिक आरोग्याशी संबंधित कारणं सर्वांत वर होती. आणि गरिबांचा विमा मात्र बाळंतपणानंतर ६० दिवसांनी संपायचा. २०२२पासून राज्यांना तो १२ महिन्यांपर्यंत वाढवायची मुभा मिळाली आणि जवळजवळ सगळ्या राज्यांनी वाढवला. जागतिक आरोग्य संघटनाही २०२२पासून म्हणतेय की पहिला दिवस, मग ४८ ते ७२ तासांत, मग ७ ते १४ दिवसांत आणि सहाव्या आठवड्यात, अशी किमान चार वेळा तपासणी हवी. गरोदरपणातल्या आठ भेटींची शिफारस २०१६चीच आहे. दोन्ही मिळून बारा भेटी होतात. अर्ज करणाऱ्यांना विचारा, या बारांपैकी तुमची बाई कुठे गळते? ज्या संस्थेला याचं उत्तर माहीत आहे तिला काम कळलेलं आहे.

लांबचा_प्रवासी

चर्चा चांगली चाललीय, पण एक मूळ प्रश्न राहतोय. हे काम दानाचं आहे का? श्रीलंकेत १९३०च्या दशकात लाख जिवंत जन्मांमागे २,०००च्या आसपास माता दगावत. आज ते प्रमाण ५०च्याही खूप खाली आहे. तो देश श्रीमंत नव्हता. त्यांनी प्रशिक्षित सुईणी नेमल्या, सरकारी नोकरीत, ठरलेल्या वस्तीसाठी, आणि सेवा मोफत ठेवली. तीच सुईण गरोदर बाईची नोंद करते, घरी जाते, बाळंतपणानंतर बघते, कुटुंबनियोजनाबद्दल बोलते. तिच्यामागे वर रुग्णालयांची साखळी उभी केली. आणि प्रत्येक माता मृत्यूची चौकशी सुरू केली. मलेशियाचंही साधारण तसंच. जागतिक बँकेने २००३मध्ये या दोन देशांचा अभ्यास मांडला, त्यात मृत्यूदर दर ६ ते १२ वर्षांनी निम्मा होत गेल्याचं दिसतं, तेही माफक खर्चात.

म्हणजे डॉक्टर आणि सिस्टर यांचा वाद त्या देशांनी दोन्ही एकत्र करून सोडवला. पण कुणी? सरकारने, करातून, पिढ्यानपिढ्या. न्यासाचा तीन वर्षांचा निधी ते करू शकत नाही. उलट भीती अशी की तुम्ही चांगलं काम उभं कराल आणि सरकार म्हणेल, बरं झालं, आमची जबाबदारी कमी झाली. २०२५मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी कापली, १ जुलैला ती मदत वाटणाऱ्या युसेड या सरकारी संस्थेचं कामच संपलं. ज्या देशांतली मातांची सेवा त्या पैशावर उभी होती तिथे दवाखाने बंद झाले, माणसं घरी बसली. दुसऱ्याच्या पैशावर चालणारी सेवा अशी जाते.

जमाखर्च

धोका खरा आहे, पण त्यावरून हात आखडता घ्यावा असं मला वाटत नाही. आज सहाव्या महिन्यात असलेली बाई सरकार बदलण्याची वाट बघू शकत नाही.

मी काही अटी सुचवतो. वेगळा दवाखाना काढायला पैसे देऊ नका, जी सरकारी व्यवस्था आहे तिच्या आतच माणूस उभा करा आणि पगाराची श्रेणी सरकारी श्रेणीशी जुळती ठेवा, म्हणजे पुढे पद सामावून घेता येईल. जादा पगार देऊन सरकारी परिचारिका ओढून घेणाऱ्या संस्थेला अनुदान नको. नोंदी सरकारी रजिस्टरवरच. तुमचा वेगळा नमुना भरायला लावलात तर सिस्टरांचा वेळ तुम्हीच खाल्लात. करार किमान पाच वर्षांचा, आणि निधी थांबवायचा असेल तर एक वर्ष आधी लेखी कळवणं तुमच्यावर बंधनकारक. संस्थांवर अटी घालणारे देणगीदार खूप आहेत, स्वतःवर घालणारे थोडे.

आणि पैसा वेळेवर सोडा. हप्ता चार महिने उशिरा आला की सर्वांत आधी कार्यकर्तीचं मानधन थकतं. ती दोन-तीन महिने उधारीवर काढते, मग दुसरं काम धरते. तिच्यासोबत साठ बायकांची ओळख जाते.

डॉ_निशाचर

मी माझं म्हणणं पूर्ण सोडलेलं नाही. ज्या रुग्णालयात रात्री भूल देणारा माणूस नाही, तिथे बायका पाठवण्यासाठी पैसा देण्यात अर्थ नाही हे माझं मत कायम आहे. पण सिस्टरांचा सहा आणि अकरा हिमोग्लोबिनचा मुद्दा मला मान्य आहे, आणि मधुमालती यांचं वाचून मी आमच्याच बाह्यरुग्ण विभागाचा विचार करतोय. आम्ही सहाव्या आठवड्यात टाके बघतो आणि पाठवून देतो.

एक मधला मार्ग असा: निधी देण्याआधी रुग्णालयाची साधी पाहणी करा. रक्त मिळतं का, सिझेरियन चोवीस तास होतं का, ऑक्सिटोसिन आणि मॅग्नेशियम सल्फेट ही दोन औषधं मागच्या वर्षभरात किती दिवस संपलेली होती. औषधसाठ्याची वही उघडून बघा, तोंडी उत्तरावर जाऊ नका. त्यात खोट असेल तर पहिल्या वर्षाचा मोठा वाटा तिथे घाला. खोट नसेल तर सिस्टर म्हणतात त्या कामाला. आणि त्या भागातल्या प्रत्येक माता मृत्यूची गोपनीय चौकशी करायचा खर्च अंदाजपत्रकात धरा. ब्रिटनमध्ये ही पद्धत १९५२पासून चालू आहे. कुणाला शिक्षा करायची नाही, पण कुठे हुकलं ते लिहून ठेवायचं. या कामाला फार पैसा लागत नाही, धैर्य लागतं.

शंकासुर

डॉक्टरांची सूचना मला पटली, कारण ती जागा बघून निर्णय घ्यायला लावते. मी एवढंच जोडेन की सुरुवातीची स्थिती मोजल्याशिवाय पहिला रुपयाही सोडू नका. आणि मृत्यूदर मोजायला जाऊ नका. एका छोट्या भागात मृत्यू संख्येने इतके कमी असतात की वर्षागणिक आकडा नुसता हेलकावत राहतो. जोखमीची म्हणून पाठवलेल्यांपैकी किती पोचल्या, किती दिवसांत, आणि बाळंतपणानंतर किती जणी दिसल्या हे मोजा. शिवाय बायकांना विचारा की तुमच्याशी नीट वागले का. पेरूच्या आयाकुचो प्रांतात स्थानिक बायकांना विचारून प्रसूतीची पद्धत बदलली. उभ्याने किंवा बसून बाळंत होण्याची सोय, घरच्यांची सोबत, त्यांची भाषा. तिथल्या एका भागात संस्थेतली बाळंतपणं १९९९मधल्या ६ टक्क्यांवरून २००७मध्ये ८३ टक्क्यांवर गेली. नुसत्या मोफतपणाने हे झालं नसतं.

रेवा_१

सगळ्यांचे मनापासून आभार. विश्वस्तांपुढे ठेवायचा मसुदा मी यावरून करते आहे.

आम्ही वस्तूंचे सुटे अर्ज या फेरीत घेणार नाही. एका रुग्णालयाभोवतीचा भाग निवडू, आणि तिथल्या संस्था आणि सरकारी केंद्र मिळून एकच अर्ज करतील. आधी डॉक्टरांनी सांगितलेली पाहणी. मग पाच वर्षांचा करार, पहिली दोन वर्षं सरळ अनुदान, नंतर बाईमागे रक्कम, बाळंतपणानंतर वर्षापर्यंत. कार्यकर्तीला दरमहा पगार, कामाच्या नगावर नाही. बायकांच्या संख्येची मर्यादाही करारातच. आणि आमच्यावर एक वर्षाच्या पूर्वसूचनेचं बंधन.

अडकतेय ते एका ठिकाणी. आमच्या निधीत पाच वर्षं एकाच भागाचं काम होईल. विश्वस्तांपैकी काहींना तीन भागांत थोडं थोडं द्यायचं आहे, जास्त बायकांपर्यंत पोचेल म्हणून. त्यांचीही तळमळ खरी आहे. मी एका भागाच्या बाजूने बोलणार आहे, पण उरलेल्या दोन भागांतल्या बायकांना काय सांगायचं याचं उत्तर माझ्याकडे नाही.

वॉर्ड_नंबर_तीन

रेवाताई, एकाच भागाचं धरा. तीन ठिकाणी थोडं दिलंत तर तिन्ही ठिकाणी पुन्हा गोळ्या आणि पाकिटंच होतील, कारण थोड्या पैशात तेवढंच बसतं. उरलेल्या दोन भागांसाठी तुमच्या एका भागाच्या नोंदी आणि खर्चाचा हिशोब उघडा ठेवा आणि तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांना पहिल्याच वर्षी आणून दाखवा.

आणि कार्यकर्ती निवडताना त्या मुलाखतीला त्या वस्तीतल्या दोन-तीन बाळंतिणींना बसवा. कुणापुढे मन मोकळं करता येईल ते त्यांना बरोबर कळतं. त्यांनाही त्या दिवसाची मजुरी द्या, अंदाजपत्रकात ती ओळ आत्ताच घाला.